सॉफ्टवेअर टेस्टिंग : शिस्तीने शंका घेण्याचे शिक्षण

पनवेलहून ठाण्याकडे जाणाऱ्या ट्रान्स-हार्बर मार्गावर घणसोली, रबाळे आणि ऐरोली ही स्थानके लागतात. या पट्ट्यात माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांची मोठमोठी संकुले उभी आहेत. पनवेल, नवीन पनवेल, कामोठे, कळंबोली या भागांतील अनेक तरुण-तरुणी रोज याच मार्गाने कामावर जातात. पदवी हाती पडल्यावर या क्षेत्रात शिरण्याचा सोपा दरवाजा म्हणून गेली अनेक वर्षे सॉफ्टवेअर टेस्टिंगकडे पाहिले जाते. ‘प्रोग्रामिंग जमत नसेल तर टेस्टिंग कर’ हा सल्ला महाविद्यालयाच्या कट्ट्यावर सहज दिला जातो आणि त्या भरवशावर घरची मंडळी क्लासचे शुल्कही भरतात.

हा सल्ला अर्धवट आहे. संगणकासमोर बसून बटणे दाबणे कोणालाही जमते. मात्र अगणित शक्यतांमधून नेमक्या कोणत्या तपासायच्या, हे ठरवणे म्हणजे टेस्टिंग. त्यासाठी ठराविक तंत्रे आहेत, ती शिकता येतात आणि शिकवता येतात. कोणत्या अभ्यासक्रमात ही तंत्रे शिकवली जातात आणि कोणत्या अभ्यासक्रमात केवळ साधनांची नावे पाठ करून घेतली जातात, हे ओळखता आले तर विद्यार्थ्याचा पैसा आणि वेळ दोन्ही वाचतात.

टेस्टिंग म्हणजे काय?

ग्लेनफोर्ड मायर्स या अमेरिकी संगणकतज्ज्ञाचे ‘द आर्ट ऑफ सॉफ्टवेअर टेस्टिंग’ हे पुस्तक १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि या विषयाला स्वतंत्र विद्याशाखेचे रूप येऊ लागले. मायर्स यांची भूमिका सरळ होती. प्रोग्राम चालतो हे दाखवण्यासाठी चाचणी घेतली तर माणूस नकळत सोपी उदाहरणे निवडतो. चुका शोधण्यासाठी घेतली तरच ती उपयोगी पडते. डच शास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी त्याआधीच एक मर्यादा दाखवून दिली होती. चाचणीतून दोष आहेत हे सिद्ध करता येते, दोष नाहीत हे कधीही सिद्ध करता येत नाही.

ही मर्यादा आकडेमोडीतूनही पटते. दहा अंकी मोबाइल क्रमांक भरण्याचा एकच रकाना घेतला, तरी त्यात १० अब्ज वेगवेगळ्या संख्या भरता येतात. दर सेकंदाला एक संख्या तपासली तरी सर्व तपासण्यास जवळपास ३१७ वर्षे लागतील. शिवाय त्यात अक्षरे, रिकामी जागा, नऊच अंक किंवा देवनागरी अंक भरले गेले तर काय, हे प्रश्न वेगळेच. सर्वकाही तपासणे अशक्य असल्यामुळे निवड करावीच लागते. टेस्टरचे सारे प्रशिक्षण या निवडीभोवती फिरते.

न झालेल्या चाचणीची किंमत

युरोपीय अंतराळ संस्थेचे ‘एरियन-५’ हे रॉकेट ४ जून १९९६ रोजी पहिल्याच उड्डाणात अवघ्या ४० सेकंदांच्या सुमारास नष्ट झाले. त्यातील दिशादर्शक प्रणालीचा प्रोग्राम जुन्या ‘एरियन-४’वरून घेतलेला होता. नव्या रॉकेटचा आडवा वेग अधिक होता. त्यामुळे ६४ बिटमधील एक संख्या १६ बिटच्या जागेत मावली नाही आणि प्रणाली बंद पडली. जुन्या रॉकेटवर तोच प्रोग्राम व्यवस्थित चालला होता. नव्या रॉकेटच्या उड्डाणमार्गाची माहिती देऊन त्याची चाचणी मात्र झाली नव्हती.

दुसरे उदाहरण पनवेलकरांना जवळचे वाटेल. पनवेल तालुक्यातील नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून प्रवासी विमाने उडू लागली. अशा नव्या विमानतळावर सामान, तिकिटे, सुरक्षा आणि उड्डाणांची माहिती हाताळणाऱ्या अनेक संगणक प्रणाली पहिल्या दिवसापासून एकमेकींशी बोलाव्या लागतात. ही पायरी किती नाजूक असते, याचा धडा लंडनच्या हीथ्रो विमानतळाने दिला. तेथील पाचवे टर्मिनल २७ मार्च २००८ रोजी प्रवाशांसाठी खुले झाले, आणि पहिल्या काही दिवसांतच शेकडो उड्डाणे रद्द करावी लागली. हजारो प्रवाशांच्या बॅगा मागे राहिल्या. अनेक कारणांपैकी एक कारण बोलके होते. चाचणीच्या काळात खरे संदेश अडवण्यासाठी बसवलेली एक संगणकीय गाळणी चाचणी संपल्यावर काढायची राहून गेली होती. त्यामुळे इतर विमान कंपन्यांकडून येणाऱ्या बॅगांची माहिती सामान-प्रणालीपर्यंत पोहोचत नव्हती.

तिसरे उदाहरण तर घराघरांतले आहे. मुंबई विद्यापीठाने २०१७ च्या उन्हाळी परीक्षांसाठी सर्व विद्याशाखांच्या सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय घेतला. पनवेलमधील महाविद्यालये याच विद्यापीठाशी संलग्न असल्याने येथील विद्यार्थीही त्यात होते. निकाल रखडले. सर्व निकाल ३१ जुलै २०१७ पर्यंत लावण्याची राज्यपालांनी घालून दिलेली मुदत उलटली, शेवटचे निकाल सप्टेंबरपर्यंत लांबले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. दरम्यान कित्येक विद्यार्थ्यांचे पुढील प्रवेश टांगणीला लागले होते. स्कॅनिंग, उत्तरपत्रिकांची वाटणी, प्राध्यापकांचा सराव आणि एकाच वेळी पडणारा भार या सर्वांची एकत्रित रंगीत तालीम आधी झाली पाहिजे, हा या प्रकरणाचा धडा. टेस्टिंगच्या भाषेत या तालमीला प्रणाली-चाचणी, भार-चाचणी आणि स्वीकृती-चाचणी अशी तीन वेगळी नावे आहेत.

एसटीच्या तिकिटावर पहिला धडा

चाचणीची मूलभूत तंत्रे समजण्यासाठी परदेशी पुस्तकांतील उदाहरणांची गरज नाही. एसटीच्या भाडे-सवलती त्यासाठी पुरेशा आहेत. पाच वर्षांखालील मुलांना भाडे नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे भाडे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना ५० टक्के सवलत. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास. आणि मार्च २०२३ पासून सर्व महिलांना ५० टक्के सवलत. या नियमांनुसार भाडे काढणारा प्रोग्राम तयार झाला आणि तो तपासण्याचे काम टेस्टरकडे आले, असे समजू.

पहिले तंत्र समतुल्य गटांचे. वयाचे पाच गट पडतात : पाचपेक्षा कमी, पाच ते बारा, बारा ते पासष्ट, पासष्ट ते पंच्याहत्तर आणि त्यापुढे. एका गटातील सर्व वयांना प्रोग्रामने सारखेच वागवले पाहिजे. म्हणून प्रत्येक गटातून एकेक वय निवडले तरी चालते. शितावरून भाताची परीक्षा करण्याची जुनीच रीत येथे शास्त्र म्हणून वापरली जाते. याखेरीज उणे वय, शून्य, दोनशे किंवा अक्षरे असे अवैध गटही तपासावे लागतात.

दुसरे तंत्र सीमामूल्यांचे. अनुभव असा, की चुका बहुधा गटाच्या मध्यावर न होता कडेला होतात. ‘पेक्षा जास्त’ आणि ‘किंवा त्याहून जास्त’ यांत प्रोग्राम लिहिणाऱ्याची गल्लत होते. म्हणून ४ व ५, १२ व १३, ६४ व ६५, ७४ व ७५ ही वये आवर्जून तपासली जातात. येथेच टेस्टरची खरी उपयुक्तता दिसते. नियमात ‘पाच ते बारा’ असे लिहिले असेल, तर ज्याला कालच बारा वर्षे पूर्ण झाली त्या मुलाचे काय? ‘६५ ते ७५’ आणि ‘७५ वर्षांवरील’ असे शब्द असतील, तर आज पंच्याहत्तरी पूर्ण करणाऱ्या आजोबांचे तिकीट अर्धे की मोफत? हा प्रश्न प्रोग्राम लिहिण्यापूर्वीच विचारला गेला तर एका वाक्याच्या दुरुस्तीवर भागते. तो पनवेलच्या आगारात वाहक आणि प्रवासी यांच्यात उपस्थित झाला तर वाद होतो. कागदावरील नियम वाचून दोष शोधण्याच्या या कामाला स्थिर चाचणी म्हणतात. त्यासाठी प्रोग्राम चालवावाही लागत नाही.

निर्णय-सारणी : सवलतीवर सवलत?

अनेक अटी एकत्र आल्या की तिसरे तंत्र, म्हणजे निर्णय-सारणी, कामी येते. बारा वर्षांवरील प्रवाशांसाठी तीन प्रश्न घेऊ. प्रवासी महिला आहे का? वय ६५ ते ७५ आहे का? वय ७५ च्या पुढे आहे का? प्रत्येक प्रश्नाचे ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर धरले तर आठ जोड्या होतात. एकाच प्रवाशाचे वय दोन्ही गटांत असू शकत नाही. म्हणून दोन जोड्या बाद होतात आणि सहा उरतात. या सहाही जोड्यांसाठी अपेक्षित भाडे आधी कागदावर लिहायचे आणि मगच प्रोग्राम चालवायचा.

सत्तर वर्षांच्या आजींची जोडी यांत सर्वांत महत्त्वाची. त्या महिला आहेत आणि ज्येष्ठही. प्रोग्राममध्ये दोन सवलती एकामागून एक लिहिल्या असतील, तर १०० रुपयांचे भाडे आधी ५० आणि मग २५ रुपये होईल. नियमाप्रमाणे सवलत एकदाच, म्हणजे भाडे ५० रुपयेच. केवळ ‘महिला, वय ३०’ आणि ‘पुरुष, वय ७०’ अशी दोन उदाहरणे घेणाऱ्या टेस्टरला हा दोष कधीच दिसणार नाही. ४५ रुपयांच्या भाड्याचे निम्मे साडेबावीस होते, तेव्हा पन्नास पैशांचे काय करायचे, आणि महिलांची सवलत राज्याच्या हद्दीपुरती असल्याने गोव्यात जाणाऱ्या गाडीचे भाडे कसे काढायचे, हेही याच यादीत येते.

यातूनच आणखी एक संज्ञा स्पष्ट होते. २०२३ मध्ये महिलांची सवलत जोडताना २०२२ ची ज्येष्ठांची सवलत बिघडली नाही ना, हे पुन्हा तपासावे लागते. नव्या बदलामुळे जुने चालू काम मोडले नाही याची खात्री करून घेणाऱ्या चाचणीला रिग्रेशन टेस्टिंग म्हणतात. प्रत्येक बदलानंतर तीच ती तपासणी करावी लागत असल्याने स्वयंचलित साधनांचा खरा फायदा येथे होतो.

प्रतीक्षा यादीचा प्रवास

काही प्रणालींमध्ये उत्तर केवळ दिलेल्या माहितीवर ठरत नाही. आधी काय घडले यावरही ते अवलंबून असते. कोकणात जाण्यासाठी पनवेलहून काढलेले रेल्वेचे ई-तिकीट हे त्याचे उत्तम उदाहरण. तिकीट प्रतीक्षा यादीत असते, तेथून ‘आरएसी’त जाते, मग निश्चित होते किंवा रद्द केले जाते. तक्ता तयार झाल्यानंतरही पूर्णपणे प्रतीक्षा यादीत राहिलेले ई-तिकीट आपोआप रद्द होऊन पैसे परत मिळतात. या अवस्थांची आकृती काढून प्रत्येक बाण एकदा तरी तपासणे, याला स्थिती-संक्रमण चाचणी म्हणतात. चांगला टेस्टर आकृतीत नसलेले बाणही तपासतो. रद्द झालेले तिकीट पुन्हा रद्द करता येते का? तसे होत असेल तर पैसे दोनदा परत जाण्याचा धोका संभवतो.

आतून पाहणे

वरील सर्व तंत्रे ‘ब्लॅक बॉक्स’ प्रकारातील आहेत. प्रोग्रामच्या आत न डोकावता केवळ नियमांवरून ती वापरता येतात. ‘व्हाइट बॉक्स’ प्रकारात प्रोग्रामच्या ओळी वाचून चाचण्या ठरवल्या जातात. ‘प्रवासी महिला असेल तर भाडे निम्मे करा’ अशी एकच अट असलेला प्रोग्राम घेतला आणि एका महिला प्रवाशाची चाचणी केली, तर सर्व ओळी चालतात आणि ओळींची व्याप्ती १०० टक्के भरते. मात्र पुरुष प्रवाशाची वाट तपासलीच गेलेली नसते, म्हणून शाखांची व्याप्ती ५० टक्केच राहते. अहवालात ‘१०० टक्के’ दिसले की निश्चिंत व्हायचे नसते, हे विद्यार्थ्याला येथे कळते. प्रोग्रामच्या गुंतागुंतीचे मोजमाप करण्याची थॉमस मॅककेब यांनी १९७६ मध्ये मांडलेली पद्धतही याच भागात शिकवली जाते. ‘प्रोग्रामिंग येत नसले तरी चालेल’ हा सल्ला येथे अपुरा ठरतो.

चाचणीच्या पातळ्याही समजून घ्याव्या लागतात. एकेका घटकाची तपासणी म्हणजे युनिट टेस्टिंग; घटक जोडल्यावर होते ते इंटिग्रेशन टेस्टिंग; संपूर्ण प्रणालीचे सिस्टिम टेस्टिंग; आणि ज्याच्यासाठी ती बनवली त्याने समाधान करून घेण्यासाठी केलेले ॲक्सेप्टन्स टेस्टिंग. याशिवाय वेग, सुरक्षितता आणि वापरातील सुलभता यांच्या चाचण्या वेगळ्या. दोष जितका उशिरा सापडतो तितकी त्याची दुरुस्ती महाग पडते, हे सूत्र सर्व पातळ्यांना लागू आहे.

दोषाचा अहवाल

दोष सापडणे हे अर्धे काम. तो दुरुस्त व्हावा अशा रीतीने लिहिणे हे उरलेले अर्धे. ‘तिकीट निघत नाही’ एवढेच लिहिले तर प्रोग्रामर ते वाचून बाजूला ठेवतो. कोणत्या फोनवर, कोणत्या आवृत्तीत, कोणत्या क्रमाने काय केले, काय अपेक्षित होते आणि प्रत्यक्ष काय झाले, हे सर्व लिहिले पाहिजे. अहवाल वाचून दुसऱ्या माणसाला तोच दोष पुन्हा घडवता आला, तरच तो अहवाल पुरा.

गांभीर्य आणि प्राधान्य यांतील फरकही नवशिक्यांना गोंधळात टाकतो. एखाद्या नगरपालिकेच्या संकेतस्थळावर शहराचेच नाव चुकीचे छापले गेले, तर कामकाज थांबत नाही. दोष किरकोळ आहे. पण तो तासाभरात दुरुस्त झाला पाहिजे. उलट दहा वर्षांतून एकदाच वापरल्या जाणाऱ्या अहवालात प्रणाली बंद पडत असेल, तर दोष गंभीर असूनही तो पुढच्या महिन्यात दुरुस्त केला तरी चालतो. हे सारे नेमक्या, संयमी आणि दोषारोप टाळणाऱ्या भाषेत लिहिणे हे शिक्षणाचेच अंग आहे. भाषा चांगली असलेले कला शाखेचे किंवा व्याजाचा हिशेब पक्का असलेले वाणिज्य शाखेचे पदवीधर या क्षेत्रात चमकतात, याचे कारण हेच.

मराठी जाणणाऱ्या टेस्टरचे क्षेत्र

शासकीय सेवा, बँका आणि विमा कंपन्यांचे ॲप मराठीतही उपलब्ध होत असताना एक मोठे क्षेत्र दुर्लक्षित राहते. ‘क्षितिज’ हा शब्द वाचकाला तीन अक्षरांचा दिसतो. संगणकाच्या युनिकोडमध्ये त्याची सात चिन्हे होतात आणि यूटीएफ-८ पद्धतीने साठवताना २१ बाइट लागतात. नावासाठी २० बाइटची जागा ठेवणारी प्रणाली हे नाव तोडून टाकते. इंग्रजी लघुसंदेशात १६० अक्षरे मावतात, देवनागरीत ७० चिन्हे. त्यामुळे मराठी संदेश मध्येच तुटतो किंवा त्याचे पैसे दुप्पट पडतात.

‘ऱ’ हे अक्षर एकाच चिन्हाने लिहिता येते आणि ‘र’ला नुक्ता जोडूनही लिहिता येते. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण शोध घेताना प्रणालीने ती वेगळी मानली तर ‘गोऱ्हे’ आडनावाची व्यक्ती यादीत असूनही सापडत नाही. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले; जुन्या प्रणालींत तेथे चौकोन उमटतो. वर्णानुक्रमात ‘ळ’, ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ कोठे येतात, हेही तपासावे लागते. मराठी ‘ज्ञानेश्वर’ रोमन लिपीत लिहिताना ‘डी’ने सुरू होतो आणि हिंदी पद्धतीने ‘जी’ने. आधार, सातबारा आणि बँक खाते यांतील नावे जुळवणाऱ्या प्रणालीत अशा फरकामुळे नागरिकाचे काम अडू शकते. परभाषक टेस्टरच्या नजरेतून हे दोष सहज सुटतात.

साधने येतात आणि जातात

या शतकाच्या पहिल्या दशकात टेस्टिंगच्या क्लासच्या जाहिरातींत ‘विनरनर’, ‘लोडरनर’, ‘क्यूटीपी’ ही नावे ठळक असत. ही साधने बनवणारी मर्क्युरी इंटरॅक्टिव्ह ही कंपनी २००६ मध्ये एचपीने विकत घेतली. पुढे विनरनर बंद पडले, क्यूटीपीचे नाव बदलले आणि केवळ विनरनरचे आदेश पाठ केलेल्यांना पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागले. २००४ मध्ये शिकागोत जेसन हगिन्स यांनी सुरू केलेले सेलेनियम हे विनामूल्य साधन दरम्यान सर्वत्र पोहोचले. २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टचे प्लेराइट आले. भार-चाचणीसाठी जेमीटर, दोषांच्या नोंदींसाठी जिरा, आणि प्रणालींमधील देवाणघेवाण तपासण्यासाठी पोस्टमन ही साधने आज सर्रास वापरली जातात.

आता कृत्रिम बुद्धिमत्ता चाचण्यांचे प्रोग्राम काही क्षणांत लिहून देते. त्यामुळे केवळ ठरलेल्या पायऱ्यांप्रमाणे बटणे दाबणाऱ्या टेस्टरचे स्थान डळमळीत झाले आहे. सत्तर वर्षांच्या आजींचे अपेक्षित भाडे ५० रुपये आहे की २५, याचा निर्णय मात्र नियम वाचून माणसालाच करावा लागतो. यंत्राने लिहिलेली चाचणी चुकीचे उत्तर बरोबर धरून बसली, तर ती शंभर वेळा चालवूनही दोष सापडणार नाही. सीमामूल्ये आणि निर्णय-सारणी ही तंत्रे विनरनरच्या आधी होती आणि त्याच्या नंतरही टिकली. प्रशिक्षणात अधिक वेळ कशाला दिला जातो, हे पाहण्याचे कारण यातच आहे.

शिक्षण कोठे मिळते?

मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. आयटीच्या २०१८-१९ मध्ये तृतीय वर्षाला लागू झालेल्या अभ्यासक्रमात सहाव्या सत्रात ‘सॉफ्टवेअर क्वालिटी ॲश्युरन्स’ हा विषय होता. महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या ‘आय’ योजनेत संगणक अभियांत्रिकी पदविकेला ‘सॉफ्टवेअर टेस्टिंग’ हा स्वतंत्र विषय ठेवण्यात आला. हा विषय ज्यांनी शिकला आहे, त्यांनी क्लास लावण्यापूर्वी स्वतःचे पाठ्यपुस्तक पुन्हा उघडून पाहावे. तंत्रांचा बराचसा भाग त्यात सापडेल.

केंद्र सरकारच्या सी-डॅक या संस्थेचे केंद्र पनवेलपासून काही स्थानकांच्या अंतरावर, खारघर येथे आहे. तेथे सुमारे सहा महिन्यांचा प्रगत संगणन पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम चालतो. प्रवेशासाठी ‘सी-कॅट’ ही परीक्षा द्यावी लागते. तो केवळ टेस्टिंगचा अभ्यासक्रम नसला, तरी प्रोग्रामिंगचा पाया हवा असलेल्यांना उपयुक्त आहे. घरबसल्या शिकण्यासाठी ‘एनपीटीईएल’वर आयआयटी खरगपूर आणि आयआयआयटी बंगळूरु येथील प्राध्यापकांचे सॉफ्टवेअर टेस्टिंगवरील अभ्यासक्रम आहेत. व्याख्याने विनामूल्य पाहता येतात; प्रमाणपत्र हवे असल्यास शुल्क भरून परीक्षा द्यावी लागते.

आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रांत ‘आयएसटीक्यूबी’चे नाव आघाडीवर आहे. ही संस्था २००२ मध्ये स्थापन झाली आणि भारतात तिचे काम इंडियन टेस्टिंग बोर्डामार्फत चालते. फाउंडेशन स्तराच्या परीक्षेत ४० बहुपर्यायी प्रश्न असतात, वेळ ६० मिनिटे आणि उत्तीर्ण होण्यासाठी किमान ६५ टक्के, म्हणजे २६ गुण लागतात. परीक्षा मातृभाषेत नसेल तर २५ टक्के वाढीव वेळ मिळतो. अभ्यासक्रमाची चौथी आवृत्ती २०२३ मध्ये आली. तो संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतो आणि परीक्षेसाठी क्लास लावणे सक्तीचे नाही. हे प्रमाणपत्र परिभाषा पक्की असल्याचा पुरावा आहे. नोकरीची हमी मात्र त्यातून मिळत नाही.

क्लास निवडताना

‘शंभर टक्के नोकरीची हमी’ ही जाहिरात सर्वांत आकर्षक आणि सर्वांत धोकादायक. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी कोचिंग क्षेत्रातील फसव्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. ५० हून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांसाठी ती आहेत. अभ्यासक्रम, शुल्क, परतावा, यशाचे प्रमाण किंवा नोकरीची हमी यांबाबत खोटे दावे करण्यास त्यांत मनाई आहे. यशस्वी विद्यार्थ्यांची नावे व छायाचित्रे त्यांच्या लेखी संमतीविना वापरता येत नाहीत. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. पनवेल तालुका रायगड जिल्ह्यात मोडत असल्याने जिल्हा ग्राहक आयोगाचे कार्यालय अलिबागला आहे.

प्रवेश घेण्यापूर्वी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. तंत्रांना किती तास आणि साधनांना किती? रोज चाचण्या लिहून घेतल्या जातात का आणि त्या कोण तपासतो? शिकवणाऱ्याने प्रत्यक्ष कंपनीत काम केले आहे का? शुल्काची पावती मिळते का आणि मध्येच सोडल्यास परतावा किती, हे लेखी मिळते का? एक व्याख्यान आधी ऐकू देतात का? क्लासचालक खोट्या अनुभवाचे प्रमाणपत्र देऊ करत असेल, तर तेथून तत्काळ निघावे. कंपन्या उमेदवाराची पार्श्वभूमी तपासतात. खोटेपणा नोकरी लागल्यानंतर उघड झाला, तरी नोकरी जाते आणि पुढची वाटही बंद होते.

प्रवेश न घेताही स्वतःची कुवत अजमावता येते. एसटीच्या सवलतींचे नियम समोर ठेवून किमान तीस चाचण्या लिहाव्यात. प्रत्येकीत दिलेली माहिती आणि अपेक्षित भाडे असावे. नंतर मित्राला त्या वाचायला देऊन कोणती शक्यता राहून गेली ते विचारावे. हा व्यायाम कंटाळवाणा वाटला, तर हे क्षेत्र आपले नाही असे खुशाल समजावे. राहून गेलेली एकतिसावी शक्यता पाहून चुटपुट लागली आणि बत्तिसावी शोधावीशी वाटली, तर पुढचे प्रशिक्षण घेण्यास हरकत नाही.